हौदाचं पाणी आणि खांबावरचं नेट

यंदाची संक्रांत आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी वन्संचा फोन आला. माझ्या थोरल्या नणंदबाई सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी असतात. गावाला नगरपालिका आहे आणि यंदा आमच्या वन्सं तिच्यात नगरसेविका म्हणून निवडून आल्या आहेत. घरात पापड लाटता लाटता उमेदवारीचा अर्ज भरला, अन् निवडूनही आल्या!

"वहिनी, चार दिवसांसाठी येतेय. तुझं पुणं दाखव मला."

"पुणं का तुम्हाला नवीन आहे, वन्सं? तुळशीबाग तर तुमचीच!"

"तुळशीबाग नको ग. ते खांबावरचं नेट दाखव. पालिकेचं."

मग सगळा उलगडा झाला. कुणी एक गृहस्थ त्यांच्या पालिकेत गुळगुळीत कागदावर छापलेली योजना घेऊन आले होते. गावात चौकाचौकांत खांब उभे करायचे, त्यावर वायफायची पेटी, आणि सगळ्या गावाला फुकट इंटरनेट. "पुण्यात आहे तसं," असं ते दहा वेळा म्हणाले. पुढच्या महिन्यात सभेत विषय यायचा होता, आणि वन्संना हात वर करायचा की नाही ते ठरवायचं होतं. "पैसा लोकांचा आहे ग," त्या म्हणाल्या, "साडी घ्यायची तर आपण दोन्ही पदर उलगडून बघतो. हे तर लाखांचं काम!"

आमच्या ह्यांना हे सांगितलं तर ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "आता ज्याच्या त्याच्या मोबाईलवर नेट आहे. पालिकेने रस्ते झाडावेत." मी गप्प बसले. सासूबाई मात्र शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "आमच्या लहानपणीही असंच म्हणायचे, ज्याच्या त्याच्या घरी नळ आहे म्हणून. एकसष्ट साली पानशेत फुटलं, खडकवासला गेलं, अन् सगळ्यांचे नळ एकदम कोरडे पडले. तेव्हा कळलं, पाणी नळातून येत नाही, धरणातून येतं."

हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिलं. म्हणूनच वन्संना घेऊन मी आधी खांबाकडे गेले नाही, आधी हौदाकडे गेले.

सकाळी लवकर आवरून आम्ही शनिवारवाड्यावर पोहोचलो. वाडा १८२८ साली जळाला. आता तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि ते हजारी कारंजं एवढंच उरलं आहे. शाळेच्या सहलीला मुलांना घेऊन मी इथे कितीदा तरी आले असेन. मुलं विचारतात, "बाई, एवढं पाणी वर कसं चढायचं?" तेव्हा पंप नव्हते, वीज नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधले आणि तिथून जमिनीखालून बांधीव नळ थेट शहरात आणला. कात्रज उंचावर, पुणं खाली. पाणी आपल्या वजनाने वाहत आलं. मधे मधे हवा खेळायला आणि गाळ काढायला उच्छ्वास ठेवले. काही उच्छ्वास अजूनही आहेत, पण जवळून जाणाऱ्यांना ते काय आहे ते ठाऊक नसतं.

"आणि हे पाणी फक्त वाड्यात?" वन्संनी विचारलं.

"नाही. पेठांतून हौद बांधले होते. बायकांनी घागरी घेऊन हौदावर यायचं."

तिथून चालत आम्ही साततोटी चौकात आलो, मग फडके हौदाकडे. पुण्यात आजही रिक्षावाल्याला "काळा हौद", "बदामी हौद", "नाना हौद" सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. पण बहुतेक ठिकाणी हौद शोधायला जाल तर फक्त चौक सापडतो, चपलांची दुकानं, मोबाईलची दुकानं आणि वाहनांचा गोंगाट. वन्सं भर रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे हौद गेला अन् पाटी राहिली!" मला हसू आलं, पण हेच वाक्य दुपारी पुन्हा आठवणार होतं, ते तेव्हा कुठे ठाऊक होतं?

रिक्षा करून आम्ही फुले वाड्यात गेलो. मैत्रिणींनो, पुण्याला आलात तर तुळशीबागेतला अर्धा तास कमी करा आणि इथे नक्की जा. शेणाने सारवल्यासारखा शांतपणा आहे तिथे. अंगणात जोतीरावांची समाधी, तिच्यावर तुळशी वृंदावन. १८६८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी उघडा केला. शहरात पाणी होतं, हौद भरलेले होते, पण साऱ्यांना ते भरता येत नव्हतं. पुढे १८७६ पासून काही वर्षं जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेचे सभासदही होते.

वन्सं बराच वेळ ओट्यावर बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तेही नगरसेवकच की ग!"

त्या क्षणी मला वाटलं, आपण यांना योग्य ठिकाणी आणलं.

दुपारी घरी येऊन पिठलं-भात खाल्ला, थोडं पडलो आणि उन्हं कलल्यावर जंगली महाराज रस्त्यावर गेलो. आता खरी कामाची गोष्ट. हा रस्ता स्मार्ट सिटीच्या काळात नव्याने बांधला. रुंद पदपथ, बसायला बाकं, मुलांना खेळायला जागा. बाकावर बसून मी वन्संना पुण्याच्या नेटचा इतिहास सांगितला. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मीच तो गेल्या वर्षी जमवला होता.

पुण्याने हे स्वप्न पहिल्यांदा पाहिलं ते २००६ साली. 'अनवायर पुणे' असं नाव होतं. इंटेल कंपनीच्या सल्ल्याने पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन्ही शहरं बिनतारी इंटरनेटखाली आणायची होती. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटरसुद्धा नव्हते. बोलबाला पुष्कळ झाला. पण योजना कागदावर जेवढी मोठी होती तेवढी रस्त्यावर उतरली नाही.

दुसऱ्यांदा पाहिलं ते स्मार्ट सिटीत. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस शहरांची यादी लागली, त्यात भुवनेश्वरखालोखाल पुण्याचा दुसरा नंबर होता. २५ जून २०१६ ला बालेवाडीत पंतप्रधानांच्या हस्ते कामांचा प्रारंभ झाला. पुढे लार्सन अँड टुब्रो आणि गूगल यांना बरोबर घेऊन 'गूगल स्टेशन' नावाची सेवा शहरात दीडशेच्या वर ठिकाणी सुरू झाली. बागा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या. कुणीही यावं, मोबाईल नंबर घालावा, नेट वापरावं. पैसे नाहीत.

"मग? चाललं का?"

"चाललं की! माझ्या वर्गातल्या मुली बागेत बसून अभ्यासाचे व्हिडिओ उतरवून घ्यायच्या."

पण फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने जाहीर केलं की ही सेवा आता जगभर आवरती घेणार. कारण असं सांगितलं की पाच वर्षांत मोबाईलचा डेटा एवढा स्वस्त झाला आहे की अशा सेवेची पूर्वीसारखी गरज उरली नाही. कंपनीच्या दृष्टीने ते खरंही असेल. पण पुढच्याच महिन्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे. ९ मार्चला राज्यातले पहिले करोनाचे रुग्ण पुण्यातच सापडले, शाळांना कुलपं लागली, आणि 'नेट असेल त्यानेच शिकावं' असे दिवस आले.

मी वन्संचा फोन घेतला आणि जवळच्याच एका बागेत आम्ही गेलो. बागेचं नाव सांगत नाही, उगीच कुणाला बोल नको. वायफायची पाटी होती. फोन हुडकत बसला, गोल गोल चक्र फिरत राहिलं. शेजारी भेळ खात बसलेला कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काकू, माझं हॉटस्पॉट देऊ का?" वन्संनी माझ्याकडे पाहिलं. दोघींच्याही तोंडी एकच वाक्य आलं: हौद गेला अन् पाटी राहिली!

आता इथे थोडं समजावून सांगते. मलाही हे कळायला वेळ लागला होता. वायफाय म्हणजे नेट नव्हे. वायफाय म्हणजे नळाची तोटी. मागे जमिनीतून येणारी काचेच्या तंतूंची तार, जिला ऑप्टिकल फायबर म्हणतात, ती म्हणजे पाण्याचा मोठा नळ. चौकात तोट्या कितीही चकचकीत बसवा, मागचा नळ आपल्या मालकीचा नसेल तर ज्याचा नळ त्याने चावी फिरवली की घागर रिकामी. पुण्यातही ही गोष्ट कुणाला सुचली नव्हती असं नाही. २०१७ च्या सुमारास शहरभर पाण्याचे नवे नळ टाकण्याची चोवीस तास पाण्याची योजना निघाली, तेव्हा एकाच खोदाईत फायबरची नळीही टाकावी असा बेत होता. त्यावर वाद झाले, निविदांवरून आरोप झाले. पण 'एकदाच खणा, दोन्ही नळ टाका' ही कल्पना कुठल्याही गृहिणीला पटेल. भिंत एकदाच फोडावी आणि दिव्याची, पंख्याची दोन्ही वायर घालून घ्यावी, हे आपण घरात करतोच ना?

बाहेरच्या देशांत काही शहरांनी हे करून दाखवलं आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात चॅटनूगा नावाचं गाव आहे. तिथली वीज कंपनी शहराच्या मालकीची. विजेच्या जाळ्याबरोबर तिने स्वतःचं फायबर घरोघर नेलं आणि २०१० साली साऱ्या शहराला अतिशय वेगवान नेट देऊ लागली. खासगी कंपन्यांनी कोर्टात खेचलं, तरी ती टिकली. अर्थात, हे नुसत्या हिमतीवर झालं नाही. केंद्र सरकारचं अकरा कोटी डॉलरच्या वर अनुदान मिळालं होतं, आणि नेट वापरणारी घरं दरमहा बिलही भरतात. पण २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा ह्याच कंपनीने शाळांच्या मदतीने गरीब घरच्या सुमारे २८ हजार मुलांना फुकट नेट देण्याची योजना सुरू केली. नळ स्वतःचा होता म्हणून चावीही स्वतःच्या हातात होती. आपल्याकडे केरळ सरकारने ५ जून २०२३ ला के-फोन हे स्वतःचं जाळं सुरू केलं; शाळा, दवाखाने, कचेऱ्या आणि गरीब कुटुंबं आधी, असं त्यांचं धोरण आहे.

"म्हणजे फुकट कुणीच देत नाही," वन्सं म्हणाल्या.

"फुकट काहीच नसतं, वन्सं. आपण घरपट्टीत देतो, नाहीतर बिलात देतो. कुणाला आधी मिळावं, एवढंच आपल्या हातात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पर्वतीला गेलो. एकशे तीन पायऱ्या चढेपर्यंत दोघींना धाप लागली. वर देवदेवेश्वराचं दर्शन घेतलं आणि कठड्याशी उभ्या राहिलो. सगळं पुणं पायाखाली पसरलेलं असतं. खाली उतारावर दाटीने वसलेली घरं, पत्रे, निळी प्लास्टिकं, आणि त्यांवर टीव्हीच्या थाळ्या.

त्या घरांपैकी एका घरात माझी एक विद्यार्थिनी राहते. २०२० साली ती सातवीत होती. गणितात हुशार, मी पाढे म्हणायला सांगितले की तिचे आधी व्हायचे. शाळा मोबाईलवर सुरू झाली तेव्हा घरात एकच फोन, भावंडं तीन आणि तो फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जायचा. एका दुकानदाराने आपलं नेट वापरायला दिलं, म्हणून ही त्याच्या ओट्यावर बसून शेजारणीच्या फोनवर माझा तास ऐकायची. मागून गाड्यांचे भोंगे ऐकू यायचे. एकदा मी तिला रागावले, "तुझा आवाज बंद कर, सगळ्यांना त्रास होतो." ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यापासून ती आलीच नाही. शाळा उघडली तेव्हाही आली नाही. तिला मामाकडे गावी पाठवलं होतं, तिथे धाकटी मुलं सांभाळायला.

ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पर्वतीच्या कठड्याशी वन्संना सांगितलं.

त्या म्हणाल्या, "आता कुठे आहे ती?"

"इथेच. परत आलीये. खाली एका दुकानात पॅकिंगचं काम करते."

"मग चल की!"

वन्सं अशाच आहेत. माझा पाय निघत नव्हता, पण त्यांनी नेलंच. दुकानाशी गेलो तर ती खरंच होती. उंच झाली आहे, ओढणी कमरेला खोचलेली. मला पाहताच म्हणाली, "बाई, तुम्ही!" आणि वाकून नमस्कार केला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्या पावसाळ्यात तिने १७ नंबरचा फॉर्म भरला आहे, बाहेरून दहावीला बसायला. फॉर्म ऑनलाईन भरायचा होता, तो मालकांच्या कॉम्प्युटरवर भरला. रात्री दुकान बंद करण्याआधी अर्धा तास मालक नेट वापरू देतात, तेवढ्यात धडे उतरवून घेते. "भूमितीचं एक प्रमेय समजत नाही बाई," ती म्हणाली, "व्हिडिओ मधेच अडकतो."

मी तिथेच पुठ्ठ्याच्या खोक्यावर पेनने आकृती काढून ते प्रमेय समजावलं. दर रविवारी घरी यायला सांगितलं. ती येते आहे. माझं नेट वापरते, आणि आई तिला पोहे केल्याशिवाय सोडत नाहीत. पण माझ्या मनात येतं, ती एकटीच का होती त्या ओट्यावर? आणि एका दुकानदाराच्या भलेपणावर किती मुलींनी शिकायचं?

रात्री जेवणं झाल्यावर वन्संनी माझ्याकडून एक वही मागून घेतली आणि सभेत विचारायचे प्रश्न लिहून काढले. तुमच्या गावातही अशी योजना आली तर उपयोगी पडतील म्हणून इथे देते. पहिला, खांब आणि तार कुणाच्या मालकीची राहणार, पालिकेच्या की कंपनीच्या? दुसरा, पहिली तीन वर्षं कुणी देईल. चौथ्या वर्षीचं बिल आणि दुरुस्ती कोण करणार? तिसरा, चौकाऐवजी आधी शाळा, वाचनालय आणि दवाखाना का नको? मुली रात्री चौकात खांबाखाली बसून अभ्यास करणार का? चौथा, पाण्याची किंवा गटाराची खोदाई निघाली आहे का, म्हणजे त्याच चरात नळी टाकता येईल? आणि पाचवा, लोकांचे मोबाईल नंबर घेणार, ते कुणाकडे जाणार?

हे प्रश्न वाचल्यावर आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे प्रश्न आमच्या वॉर्डातही विचारायला हवेत." सासूबाई नुसत्या हसल्या.

गेल्या आठवड्यात वन्संचा फोन आला. सभेत बरीच गरमागरमी झाली. "बाईंना यातलं काय कळतं" असंही कुणी म्हणालं. वन्संनी शांतपणे चौथ्या वर्षीचं बिल विचारलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. चौकातल्या खांबांचा विषय पुढे ढकलला. पालिकेचं वाचनालय आणि तिच्या दोन शाळा, एवढ्यांना जोडणी घेऊन वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायचं, यावर मात्र एकमत झालं. मोठं काही झालं नाही. पण हौद भरला, पाटी नंतर लावू, असं त्या म्हणाल्या.

जाता जाता घरच्यासारख्या दोन सूचना. स्टेशनवर, दवाखान्यात, कुठेही सार्वजनिक वायफाय वापराल तेव्हा बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. त्यासाठी आपलाच डेटा वापरा. फोनवर आलेला ओटीपी वायफाय सुरू करण्यासाठी त्या पानावर घालावा लागतो, पण तो कुणी तोंडी विचारला तर सांगू नये. काम झालं की ते वायफाय फोनमधून काढून टाकावं, म्हणजे फोन पुढच्या वेळी आपोआप जोडला जात नाही. आणि डिसेंबर २०२० पासून केंद्र सरकारच्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय थोड्या पैशांत सार्वजनिक वायफाय देता येतं. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारून तर पाहा.

पुण्याला याल तेव्हा शनिवारवाडा पाहाच, पर्वतीही चढा. पण एखाद्या हौदाच्या चौकात क्षणभर थांबा. इथे कधीकाळी आपल्यासारख्याच बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि काहींना त्या रांगेत उभंही राहता येत नव्हतं. आजची रांग दिसत नाही, एवढाच फरक. ती कुणाच्या तरी दुकानाच्या ओट्यावर बसलेली असते, आणि आपण तिला म्हणतो, आवाज बंद कर.